कठडा कोणी बांधायचा?

दिवाळी सरली, भात घरात आले, की लांज्याच्या पंचक्रोशीत बांधकामांना जोर येतो. चिरेखाणींतून भरलेले ट्रक निघतात, वाळूच्या भावाची चौकशी सुरू होते आणि मुंबईहून चाकरमान्यांचे फोन येऊ लागतात. जुने कौलारू घर उतरवून तेथे स्लॅबचे घर उभे करायचे असते. निदान वरचे छप्पर तरी मृगाआधी पुरे व्हायला हवे असते. या सहा-सात महिन्यांत प्रत्येक नव्या घराच्या अंगाला टेकून आणखी एक वस्तू उभी राहते आणि काम संपताच नाहीशी होते. ती म्हणजे परांची. घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावले जाते तोवर तिचा मागमूसही उरलेला नसतो. भिंतीतली तिची भोके बुजलेली असतात, त्यांवर रंग लागलेला असतो. या रविवारी त्या परांचीबद्दल, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल, आपण थोडा विचार करावा असे आम्हांला वाटते.

आपल्याकडची परांची कशी असते ते सर्वांनी पाहिले आहे. माणग्याचे बांबू उभे-आडवे बांधायचे, वर सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या टाकायच्या, झाले. माणगा भरीव आणि चिवट असतो. त्याच्या परांचीत मुळात काही वाईट नाही. नीट बांधली तर ती माणसाचा आणि मालाचा भार व्यवस्थित पेलते. प्रश्न बांबूचा नसून तो किती पावसाळे बाहेर पडून राहिला आहे याचा असतो. काथ्या किंवा सुंभ आमच्या पावसात कुजतो. गेल्या वर्षीचीच दोरी यंदा पुन्हा वापरली, की गाठ बाहेरून घट्ट दिसते आणि आतून गेलेली असते. फळी दोन टेकूंच्या पलीकडे हातभर बाहेर आली असेल, तर तिच्या टोकावर पाय पडताच ती दुसऱ्या बाजूने उचलली जाते. उभ्या बांबूचे बूड नुसत्या भरावाच्या मातीत ठेवले, तर भार येताच ते खचते. यातले काहीही समजायला इंजिनिअर लागत नाही.

आणखी एक हिशेब आपल्या भागातला. जांभ्याचा एक चिरा साधारण २५ ते ३० किलोंचा. गवंड्याला हाताशी माल हवा म्हणून बिगारी फळीवर दहा चिरे रचून ठेवतो. म्हणजे अडीचशे-तीनशे किलो, चार-पाच माणसे एकाच फळीवर बसल्यासारखे. रंगाऱ्याला पुरेल अशी परांची चिऱ्याच्या बांधकामाला पुरत नाही. पण बहुतेक ठिकाणी एकाच मापाची परांची सगळ्या कामांना चालवून घेतात. २० फुटांवरून पडलेला माणूस जमिनीला टेकेपर्यंत एका सेकंदाहून जरासाच जास्त वेळ जातो, आणि तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर असतो. हात पुढे करायलाही सवड मिळत नाही.

असा कोणी पडला, की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो नशीब. ‘त्याची वेळ भरली होती.’ हे बोलणे दुःखात बुडालेल्या घराला धीर देण्यासाठी असेल तर त्याला आमची हरकत नाही. मात्र पुष्कळदा ते प्रश्न मिटवण्यासाठी असते. शुभवर्तमानात लूकच्या तेराव्या अध्यायात एका अपघाताचा उल्लेख आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती म्हणून मेली, हा लोकांचा समज येशूने तेथे साफ नाकारला आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला सांगितले. बुरूज का पडला ते आपल्याला ठाऊक नाही. एवढे मात्र कळते की मेलेल्याच्या कपाळावर दोष लिहून जिवंतांनी मोकळे व्हायचे नाही.

२०२३ हे वर्ष आपल्या राज्याला या बाबतीत जड गेले. १ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळया बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. १० सप्टेंबरला ठाण्यात बाळकुमला, चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम आटोपून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली आणि ७ जण गेले. १६ ऑक्टोबरला तर आपल्याच जिल्ह्यात, चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर, महामार्गाच्या अर्धवट पुलाचा भाग यंत्रासकट खाली आला. तेथे कोणाचा जीव गेला नाही याबद्दल देवाचे आभार मानावेत. या मोठ्या घटना. त्यांच्या चौकश्या होतात, मंत्री येतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापली जातात. पंधरा फुटांवरून एकटा पडून कायमचा अंथरुणाला खिळलेल्या गवंड्याची बातमी दोन ओळींचीही होत नाही, आणि आपल्या गावांत जे घडते ते बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते.

मग दोष कोणाचा? पडणाऱ्याने पाय जपून टाकायला हवा होता. ठेकेदाराने परांची नीट बांधायला हवी होती. आणि घरमालक? तो तर मुंबईला होता. त्याने बांबूला हातही लावलेला नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही पाठ केला होता. त्याची धार मात्र अशा कामांच्या बाजूने जाता-येता कळू लागली. तेराव्या शतकातल्या या विद्वानाने असा प्रश्न घेतला आहे की ज्याच्या मनात मारण्याचा हेतूच नव्हता, त्याच्याकडून कोणी मेले तर तो दोषी का? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की योग्य ती काळजी घेऊनही मृत्यू ओढवला तर दोष नाही. पण जे कारण दूर करणे आपले कर्तव्य होते ते आपण दूर केले नाही, आणि त्यातून मृत्यू आला, तर तो एका अर्थाने आपल्या इच्छेतलाच धरावा लागतो. म्हणजे हात लावला नाही एवढ्याने भागत नाही. दूर करण्याची शक्ती होती का आणि ते आपल्याकडे होते का, हे विचारावे लागते. मालकाकडे एक शक्ती निश्चित असते. पैसा त्याचा असतो, आणि दर त्याने ठरवलेला असतो.

येथे आम्हांला जरा थांबावेसे वाटते, कारण मूळ दुखणे याच जागी आहे. मजुरीचा ठेका चौरस फुटावर ठरतो. मालक घासाघीस करतो, ठेकेदार शेवटी ‘बरं, तुमच्यासाठी’ म्हणून दर खाली आणतो. ती कमी केलेली रक्कम कोठून तरी निघायला हवी. सिमेंटमधून काढली तर दोन पावसाळ्यांत भिंत बोलते. सळईतून काढली तर स्लॅब बोलतो. गिलाव्यातून काढली तर पोपडे निघतात. परांचीतून काढली तर घरावर कसलीही खूण राहत नाही. घर तितकेच भक्कम, तितकेच देखणे. मालक शंभर वर्षे त्यात राहिला तरी त्याला कळणार नाही की हे हजार-दोन हजार रुपये कोणाच्या पायाखालून वाचले. ज्या काटकसरीचा पुरावा काम संपताच सोडून ट्रकमध्ये भरला जातो, तिचा मोह सर्वांत मोठा असतो. घर असो, देऊळ असो, मशीद असो की सणाआधी रंगवायला काढलेले चर्च असो, याला कोणी अपवाद नाही. चर्चच्या घंटाघराचे दरपत्रक पाहणाऱ्या समितीतले लोकही शेवटी खालचा आकडाच आधी वाचतात.

यावर ठरलेले उत्तर येते, की कामगार स्वतःहून चढतो, त्याला कोणी ढकललेले नाही. या उत्तरात थोडे तथ्य आहे आणि बरीच पळवाट आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात मजुरीबद्दल जो युक्तिवाद केला तो येथेही लागू पडतो. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने करार केला म्हणून तो न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भयापोटी माणूस कठीण अटी पत्करतो, तेव्हा त्याच्यावर जबरदस्तीच झालेली असते. विजापूरकडून किंवा बिहारमधून आलेला माणूस ‘ही परांची मला ठीक दिसत नाही’ असे म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. त्याचे गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे.

परंतु तथ्याची बाजूही मांडायला हवी. पुष्कळ जुने गवंडी सुरक्षेची साधने खरोखरच टाळतात. मार्च महिन्यात एका कामावर आम्ही थांबलो होतो. गवंडी वयाने आमच्याहून मोठे, वर उघड्या फळीवर बसून चिरा लावत होते. ते चहाला खाली उतरले तेव्हा आम्ही विचारले, “मिस्त्री, वर कडेला आडवे बांबू का नाही बांधलेत?” ते हसले. “फादर, बांबू बांधला तर चिरा वर घेताना आडवा येतो. आणि मालकान त्याचे पैसे कुठे दिलान?” पहिले कारण कामाचे होते आणि त्याला उपाय आहे. माल घेण्यापुरती एकच जागा मोकळी ठेवायची, बाकी बाजू बंद करायच्या. दुसऱ्या कारणाचा उपाय मिस्त्रींच्या हातात नव्हता.

आजकाल सुरक्षा म्हटली की हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट यांची नावे पुढे येतात. दोन्ही उपयोगी आहेत. पण बेल्ट अडकवायचा कशाला? दोन मजली घराच्या बांबूच्या परांचीवर, जो बांबूच डुलतो आहे त्यालाच, बेल्टचा हूक लावला तर माणूस परांचीसकट खाली येईल. अडकवायला पक्की जागा नसेल तर बेल्ट हा केवळ दागिना. आणि या साधनाचे एक नैतिक अंगही आहे. बेल्टमुळे सावध राहण्याचे ओझे कामगारावर पडते, तेही दिवसभर, प्रत्येक क्षणी. तो एकदा विसरला, हूक काढून दोन पावले गेला आणि पडला, तर आपण म्हणतो, बेल्ट दिला होता, त्याने लावला नाही. कठड्याचे तसे नसते. तो एकदा कोणीतरी बांधतो आणि मग थकलेल्याला, विसरलेल्याला, चक्कर आलेल्याला, नवख्याला, सगळ्यांना सारखाच अडवतो. त्याला कोणाच्या शिस्तीची गरज लागत नाही.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीत, नवे घर बांधणाऱ्यासाठी एक आज्ञा आहे. त्या देशात घरांची छपरे सपाट असत, लोक वर झोपत, धान्य वाळवत. आज्ञा अशी, की नव्या घराच्या धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. शेतातील, गोठ्यातील, कपड्यांच्या सुताबद्दलच्या साध्यासुध्या नियमांच्या घोळक्यात ही ओवी बसली आहे, म्हणून वाचताना नजरेतून सुटते. तिच्यात काय सांगितलेले नाही ते पाहावे. पाहुण्यांना जपून चालायला सांग, असे तेथे नाही. पडणारा दारू प्यायला होता का, हा प्रश्न नाही. आज्ञा घराच्या धन्याला आहे, ती पडण्याआधीची आहे आणि ती कठड्याची आहे.

त्याहूनही जुन्या काळी, बाबिलोनच्या हमुराबी राजाने कायदे कोरून ठेवले होते. त्यांत घराबद्दलही कलमे आहेत. बांधलेले घर कोसळून धनी मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. धन्याचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. गुलाम मेला तर गुलामाबद्दल गुलाम. भीतीच्या जोरावर घरे कदाचित पक्की झालीही असतील. पण तेथे सारा विचार घरात राहणाऱ्याचा आहे. बांधताना जो मरेल त्याच्याबद्दल ती कलमे बोलत नाहीत. अनुवादातली आज्ञा वर कोण आहे ते विचारत नाही. धन्याचा मुलगा असो, शेजारी असो वा कौले शाकारायला आलेला मजूर असो, कठडा सर्वांसाठी आहे. परांची म्हणजे काही आठवड्यांपुरते घराचे धाबेच नव्हे काय? मग तिला ही आज्ञा का लागू होऊ नये?

मोठ्या कामांत असे मृत्यू गृहीत धरण्याची रीत जगभर होती. अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पुलांच्या कामांत असा ठोकताळाच सांगितला जाई, की दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस जाणार. सॅनफ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचा खर्च साडेतीन कोटी डॉलरच्या घरात होता. म्हणजे पस्तीस माणसे हिशेबात आधीच मेलेली. मुख्य अभियंते जोसेफ स्ट्रॉस यांनी हा हिशेब मानला नाही. पुलाखाली त्यांनी दोऱ्यांचे मोठे जाळे टांगले. त्याला लाखाहून अधिक डॉलर लागले आणि अनेकांना ती उधळपट्टी वाटली. त्या जाळ्यात पडून १९ जण वाचले. मात्र १७ फेब्रुवारी १९३७ रोजी, काम संपत आलेले असताना, पुलाखालची एक फिरती परांची निसटली. कित्येक टनांची ती परांची जाळे फाडून खाली गेली आणि तिच्याबरोबर १० माणसे समुद्रात मेली. तोवर त्या पुलावर एकच मृत्यू झाला होता. या घटनेतून काही जण असे काढतील की एवढा खर्च करूनही शेवटी व्हायचे ते झालेच. आम्हांला ते पटत नाही. जाळ्याने १९ घरे वाचवली हे खरेच राहते. आणि खाली जाळे आहे म्हणून वरची परांची कशीही चालेल असे नाही, हेही तेवढेच खरे.

कोणी म्हणेल, या गोष्टी पाहायला सरकार आहे. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. त्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. या दोन्हींत परांची, कामगारांची सुरक्षितता आणि मालकांची कर्तव्ये यांना जागा आहे. पण लांज्याच्या घरमालकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. दहापेक्षा कमी कामगारांचे काम त्या कायद्याबाहेर होते, संहितेच्याही बाहेर आहे. स्वतःला राहण्यासाठी बांधलेल्या घराला पूर्वी १० लाख रुपये खर्चापर्यंत सूट होती, संहितेत ती मर्यादा ५० लाख झाली. आपल्या गावातले एखादे नवे घर डोळ्यांसमोर आणावे. चार गवंडी, चार बिगारी, खर्च वीस-पंचवीस लाख. म्हणजे जेथे आपला माणूस सर्वांत जास्त वेळा परांचीवर चढतो, नेमके तेथे निरीक्षक येणार नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे फौजदारी कलम आहे, पण ते माणूस मेल्यानंतर उघडते. पडण्याआधी परांचीकडे पाहणारे कोणी असेल तर ते आपणच.

तेव्हा मुंबईहून फोनवर टाइल्सचा रंग ठरवताना दोन प्रश्न आणखी विचारावेत. दोरी यंदाची आहे का? कडेला कमरेएवढ्या उंचीवर आडवा बांबू आणि पायाशी वीतभर उभी फळी आहे का? ती फळी खालून जाणाऱ्यांसाठी असते, म्हणजे वरून थापी किंवा चिऱ्याचा तुकडा कोणाच्या डोक्यात जाऊ नये. गावी असलेल्या भावाने किंवा वहिनीने सकाळी एक फेरी मारावी. परांची भिंतीला बांधलेली आहे का, नुसती टेकलेली आहे का, तिरके बांबू घातले आहेत का, उभ्या बांबूच्या बुडाखाली फळी किंवा दगड आहे का, शिडीचे बूड भिंतीपासून उंचीच्या पाव भागाइतके दूर आहे का आणि शिडी वरच्या फळीच्या तीन फूट वर गेली आहे का, हे डोळ्यांनी दिसते. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी चढण्याआधी सगळ्या गाठी पुन्हा तपासाव्यात. विजेची तार जवळून जात असेल तर लोखंडी पाइपची परांची उभारण्याआधी वीज कंपनीला कळवावे. आणि इतके करूनही कोणी पडलाच, तर चौघांनी हातापायांना धरून त्याला रिक्षात घालू नये. कणा दुखावलेला असेल तर त्या उचलण्यानेच पाय कायमचे जातात. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला आहे तसा, मान न हलवता, ठेवावा.

कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो देताना ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर मालकाने त्याला दोन शब्द सांगावेत. त्याला काही खर्च येत नाही.

राहता राहिला दर. परांचीबद्दल इतके विचारले की ठेकेदार बहुधा एक आकडा सांगेल. नवी दोरी, जास्तीचे बांबू, बांधायला एक दिवस अधिक. तो आकडा चौरस फुटाच्या दरात मिसळू देऊ नये. दरपत्रकात त्याची वेगळी ओळ लिहून घ्यावी, आणि बाकीच्या सगळ्या ओळींवर हवी तेवढी घासाघीस करून झाली तरी त्या ओळीला हात लावू नये.